बारा फिकट शिखरं

प्रथिनांची कुळं लावणारी माणसं आता देशात तीनच उरली आहेत, आणि त्यातल्या दोघांना हे काम सोडायचं आहे. तिसरी मी. सोडायचं मलाही आहे, पण अर्ज लिहायचा कंटाळा येतो.

माझं नाव नीलांबिका शिंत्रे, वय सत्तावन्न. पुण्यात पाषाणच्या बाजूला एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी बसते. यंत्रानं जे सांगितलंय ते वाचायचं आणि खाली सही करायची, एवढंच माझं काम. कायद्यात तिला ‘मानवी सही’ म्हटलंय. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसले होते. आता वर्षाला चारएकशे सह्या करते आणि हसू येत नाही.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक आहे. मी त्याला हेळवी म्हणायला लागले आणि हळूहळू सगळं ऑफिसच म्हणायला लागलं. आमच्या गडहिंग्लजकडे हेळवी यायचे, बैलावर सामान लादून. ओसरीवर बसून घराण्याची दहा-बारा पिढ्यांची वंशावळ घडाघडा वाचून दाखवायचे आणि घरात नवीन मूल जन्मलं असेल तर त्याचं नाव विचारून पोथीत लिहून घ्यायचे. आमचं यंत्र तेच करतं, फक्त माणसांऐवजी प्रथिनांचं.

प्रथिन म्हणजे मण्यांची एक लांबलचक माळ. पेशीत तयार झाल्याबरोबर ती स्वतःच दुमडते, आणि कशी दुमडते त्यावर ती काय काम करणार हे ठरतं. मोठ्या प्रथिनात असे दोन-तीन भाग असतात, प्रत्येकाची घडी स्वतंत्र. एकसारखी घडी असलेले भाग बहुतेक वेळा एकाच पूर्वजाचे असतात, मग एक यीस्टमध्ये सापडो आणि दुसरा माणसात. त्यांना एका कुळात टाकायचं, क्रमांक द्यायचा. मी नोकरीला लागले तेव्हा हे आम्ही डोळ्यांनी करायचो. पडद्यावर घडी फिरवत बसायचं, चहा प्यायचा, भांडायचं. हेळवी तेच काम क्षणात करतो आणि भांडत नाही.

चार वर्षांपूर्वी कुळाचा नियम आला आणि आमच्या सह्यांना वजन आलं. औषधात वापरलेला प्रथिनाचा तुकडा माणसाच्याच कुळातला आहे आणि त्याची ठेवण माणसातल्या भावंडासारखीच आहे, असं हेळव्यानं सांगितलं आणि माणसानं त्यावर सही केली, तर औषध जवळच्या वाटेनं जातं. सहा महिन्यांत रुग्णापर्यंत. नाहीतर लांबची वाट, कमीत कमी चार वर्षं. नियम वाईट नाही. त्यानं पुष्कळ लोक वाचले आहेत, हे मला मान्य केलंच पाहिजे.

त्या सोमवारी जी फाईल आली तिच्यावर हेळव्याचा शेरा होता: माणसाच्या कुळातलं, ठेवण एकच, खात्री नव्याण्णव पूर्णांक सात टक्के. सही शुक्रवारपर्यंत हवी होती. मी तुकड्याचं नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसला. ती कडी होती.

कडी हे नाव आमच्या प्रयोगशाळेतलं. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, तिथे सगळ्या कामाचे मूळ आराखडे ठेवलेले असतात. केंद्रकाच्या भिंतीत शेकडो छिद्रं असतात, आणि प्रत्येक छिद्र म्हणजे तीसेक जातींच्या प्रथिनांचे शेकडो नग गुंफून केलेला एक दरवाजाच. आत कोण जाणार, बाहेर कोण येणार, हे तिथे ठरतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही हाच दरवाजा आहे, माणसापेक्षा जरा लहान. त्यातल्या एका प्रथिनाच्या शेपटाकडे दीडशे मण्यांचा एक भाग आहे. त्या भागानं ते प्रथिन चौकटीला घट्ट धरून राहतं, म्हणून आम्ही त्याला कडी म्हणायचो. तीस वर्षांपूर्वी तिची घडी पहिल्यांदा मी उलगडली. माझी पीएचडी तिच्यावरच झाली.

आता तिचं औषध झालं होतं. चेतापेशींचा एक आजार आहे, त्यात हे दरवाजे निखळत जातात. आधी हात जातात, मग जीभ, शेवटी श्वास. माणसातली कडी बाहेरून बनवून घातली तर आजारी पेशी तिला ओळखते आणि खाऊन टाकते. यीस्टची कडी मात्र तिला ओळखू येत नाही, पण चौकटीत बसते. एका कंपनीनं तिचं थिगळ तयार केलं होतं. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर आठवडाभर ते छान टिकलं होतं, आणि जवळच्या वाटेला तेवढं पुरतं. पहिल्या खेपेला अकरा हजार रुग्ण वाट पाहत होते.

त्या अकरा हजारांत अंकुश होता.

अंकुश खरमाटे आमच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. पाटोद्याकडचा, आयटीआय करून आलेला. दवाखान्यातल्या एमआरआयचा थोरला भाऊ म्हणावा असं एक चुंबकाचं यंत्र आमच्याकडे होतं, ते त्यानं सव्वीस वर्षं सांभाळलं. त्याला थंड ठेवणारे वायू भरायचे, नमुने लावायचे, आलेख काढायचे. माझ्या पीएचडीतला एकूण एक आलेख त्यानं काढलाय. माझ्या शोधनिबंधावर मात्र त्याचं नाव नाही, आभारातही ‘तांत्रिक साहाय्याबद्दल’ एवढंच. तेव्हा तशीच पद्धत होती. आता त्याला तो आजार होऊन दीड वर्षं झालं होतं आणि डॉक्टर आणखी वर्षभराचं बोलत होते.

सही करण्याआधी एक अर्ज भरावा लागतो: या औषधाचा लाभ होईल असं कोणी रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातलं आहे का? मी ‘नाही’ लिहिलं. ते खरंच होतं, आणि लिहिताना अगदी खोटं वाटलं.

फाईलच्या शेवटी मूळ मोजणीचा तक्ता जोडला होता. खाली बारीक अक्षरात एन. शिंत्रे. माझाच तक्ता. माणसाला अशा वेळी अभिमान वाटायला हवा. मी तो वाचत गेले आणि सत्त्याऐंशीव्या मण्यापाशी थांबले.

हे नीट सांगितलं पाहिजे. त्या चुंबकात नमुना ठेवला की त्यातला एकेक अणू आपला आवाज देतो आणि आलेखावर त्याचं एक शिखर उमटतं. एक अणू, एक शिखर. एकाच अणूची दोन शिखरं दिसली तर दोनच शक्यता. एक तर नमुन्यात मळ आहे, किंवा तो अणू दोन वेगवेगळ्या परिस्थितींत राहतो आहे, म्हणजे घडीचा तो भाग कधी असा असतो, कधी तसा. कडीच्या आलेखात सत्त्याऐंशी ते अठ्ठ्याण्णव या बारा मण्यांना प्रत्येकी एक दुसरं, फिकट शिखर होतं. हे बारा मणी म्हणजे कडीचा आकडा, चौकटीत अडकणारा नेमका भाग.

ती बारा शिखरं मी खोडली होती.

आमचे सर त्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्याआधी घडी प्रसिद्ध व्हायला हवी होती. कुळांच्या कोशात प्रत्येक भागाला एकच घडी आणि एकच क्रमांक असे, दुसऱ्या ठेवणीसाठी रकानाच नव्हता. सर म्हणाले, मळ आहे, काढून टाक. मी काढलीही. तक्त्याखाली लिहिलं, ‘किरकोळ अशुद्धी’. तक्ता इतका देखणा झाला की कोशवाल्यांनी तो नमुना म्हणून सगळीकडे पाठवला.

मी हेळव्याला विचारलं, कडीला दुसरी ठेवण असू शकते का. नाही, म्हणाला. कशावरून? त्यानं त्रेचाळीस तक्ते पुढे टाकले. पहिला माझा. उरलेले बेचाळीस नंतरच्या लोकांचे, याच कुळातल्या इतर प्रथिनांचे, माझ्या तक्त्यावर बेतलेले. त्या प्रत्येकात ‘किरकोळ अशुद्धी’ होती आणि प्रत्येकानं ती काढून टाकली होती. घरच्यांनी जे सांगितलं ते हेळव्यानं पोथीत लिहिलं होतं. यात त्याचा काय दोष.

मूळ आलेख शोधायला गेले तर ते प्रयोगशाळेच्या दोन स्थलांतरांत हरवले होते. मंगळवारी मी सबनीसांकडे गेले. सबनीस म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या समितीचे सचिव, सज्जन माणूस, सतत सर्दी झालेला. मी त्यांना म्हटलं, मला शंका आहे. ते म्हणाले, शंकेला रकाना नाही मॅडम, पुरावा असेल तर आक्षेप नोंदवा, नसेल तर सही करा. आवाजात राग नव्हता. हेच वाक्य त्यांनी पुष्कळांना ऐकवलं असणार.

खरं सांगायचं तर मंगळवारी दुपारी मी सहीसाठी बोट काचेवर टेकवलं होतं. अंकुशचा चेहरा डोळ्यांपुढे होता. शिवाय मी दमले होते. तीस वर्षांपूर्वीची बारा फिकट शिखरं, कुणाला माहीत खरंच मळ असेल. सरांनाही काही कळत होतंच की. मी बोट उचललं ते काही तत्त्व आठवलं म्हणून नाही. मला एवढंच आठवलं की ती शिखरं पहिल्या दिवशी फिकट नव्हती. पहिल्या मोजणीत ती चांगली उंच होती, मे महिन्यात, एसी बंद पडला होता तेव्हा. नंतरच्या मोजणीत ती खाली बसली. पहिल्या वेळी तापमान किती होतं ते मला आठवेना. ते सांगू शकेल असा माणूस एकच होता.

बुधवारी सकाळी मी सांगवीला त्याच्या घरी गेले.

दार उज्ज्वलानं उघडलं, त्याच्या बायकोनं. बारीक झाली होती. दवाखान्यातून फोन आला म्हणाली, पहिल्या खेपेत नाव आहे, सहाशे चाळिसावं. फाईल माझ्याकडे आली आहे हे तिला ठाऊक होतं. अंकुशनंच अंदाज बांधून सांगितलं असणार. तिनं मला विचारलं मात्र काहीच नाही. चहा दिला, आणि तुम्ही आहात तोवर खालून गोळ्या घेऊन येते म्हणून पिशवी उचलली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, “तुमच्यामुळं लवकर होतंय, असं मी सगळ्यांना सांगते, मॅडम.”

अंकुश खिडकीजवळच्या खुर्चीत होता. मान पट्ट्यानं सावरलेली. गळ्यावर एक चकती, ती घशातल्या स्नायूंच्या बारीक हालचाली टिपते आणि त्याच्या जुन्या आवाजात बोलते. आवाज आजाराच्या सुरुवातीलाच भरून ठेवला होता. त्यामुळे चेहरा हलत नाही आणि आवाज मात्र पन्नाशीतल्या धडधाकट माणसाचा येतो. याची सवय होत नाही.

जाताना मी ठरवलं होतं की सहज विचारल्यासारखं विचारायचं. जुन्या आठवणी काढत काढत तापमान काढून घ्यायचं. त्याच्या समोर बसल्यावर तसं करता आलं नाही. ज्या माणसानं आपल्याला आलेख वाचायला शिकवलं त्याला गंडवणार कसं. मी सगळं सांगितलं. फाईल, शेरा, तक्ता, शिखरं. सही झाली तर काय, नाही झाली तर काय, तेही.

 चकती गप्प असली की माणूस विचार करतोय की थकलाय हे कळत नाही.

“सदतीस,” आवाज आला. “एसी बंद. खोली तापलेली. सर म्हणले पंचवीसवर ठेव. राहीना. मग म्हणलं सदतीसवर तर सदतीसवर, एका जागी स्थिर तरी राहील.”

“आणि शिखरं?”

“बारा. चांगली उंच. मॅडम, मोजली होती मी. पुढच्या आठवड्यात एसी आला, पंचवीसला आणलं, तर बसली खाली.”

सदतीस म्हणजे माणसाच्या अंगाचं तापमान. यीस्ट तीस अंशांत सुखानं राहतं, म्हणून आम्ही सगळे पंचविसावर मोजत होतो. त्याला हे समजावायची गरज नव्हती.

“सर मला म्हणले, नळी नीट धुतली नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर म्हणले. नळी साफ होती, मॅडम.”

“माहीत आहे मला.”

“आत्ता माहीत झालं का तेव्हा माहीत होतं?”

मी खाली बघितलं. “तेव्हाही माहीत होतं. नळ्या तू कशा धुतोस ते मी रोज बघत होते. मी बोलले नाही. मला पीएचडी हवी होती.”

हे म्हणायला मला तीस वर्षं लागली. म्हटल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मला रडू आलं, आणि त्याला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवता येत नव्हता, म्हणून मी स्वतः उठून पाणी प्यायले.

“मोजा,” तो म्हणाला.

मी म्हटलं, मोजलं आणि निघालं तर तुला थिगळ मिळणार नाही. लांबच्या वाटेला चार वर्षं लागतात.

“ते कळतंय. मोजा. नमुना आधी तासभर सदतीसवर मुरू द्या, लगेच लावू नका. घाई केली की नीट दिसत नाहीत.” थोडं थांबून तो पुढे म्हणाला, “आणि नळी तुम्ही धुवा.”

यात चिडवणं किती आणि आदेश किती ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. जिन्यात उज्ज्वला भेटली. गोळ्यांची पिशवी हातात. मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि खाली उतरले.

आजकाल कुठलंही प्रथिन मागवलं की दुसऱ्या दिवशी बनवून मिळतं. चुंबकं मात्र मोडीत निघाली आहेत, कारण हेळवी सगळं सांगतो म्हटल्यावर मोजायचं कशाला. शहरात एक चालू होतं, एका रसायनशास्त्राच्या विभागात. तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या. त्यांनी गुरुवारी दुपारचे तीन तास दिले. मी नळी तीनदा धुतली, वाळवली आणि उजेडात धरून बघितली. हे काम मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. नमुना भरला, तासभर सदतीसवर ठेवला, स्टुलावर बसून राहिले.

शिखरं आली. बारा, एकाही ठिकाणी चूक नाही. मुख्य शिखरांच्या जवळजवळ दोन तृतीयांश उंचीची.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. निव्वळ आनंद, पोरीला होतो तसा. अर्धा मिनिट मी अंकुश, अकरा हजार, सगळं विसरून त्या आलेखाकडे बघत होते, कारण ते इतकं स्वच्छ आणि इतकं खरं होतं. मग आठवलं.

याचा अर्थ असा: अंगाच्या तापमानाला पाचातल्या दोन कड्या दुसऱ्याच ठेवणीत असतात. आकडा मिटलेला नाही, उघडा. उघडा आकडा आपली चौकट धरत नाही. तो शेजारच्या भलत्याच प्रथिनाला धरू शकतो, आणि मग निखळणारा दरवाजा दुरुस्त होण्याऐवजी कायमचा बंद होऊ शकतो. दोन वर्षांत मरणारी पेशी दोन महिन्यांत मरेल. किंवा कदाचित काहीच होणार नाही, थिगळ छान बसेल. ताटलीतल्या आठवड्याभरात हे कळत नाही. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं अकरा हजार माणसांच्या मणक्यात टोचायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

शुक्रवारी मी आक्षेप नोंदवला. पुरावा म्हणून नवा आलेख जोडला, आणि सोबत एक पान, की मूळ तक्त्यात ही शिखरं मी जाणूनबुजून काढली होती, त्या वेळी ती अशुद्धी नाही असा मला संशय होता, आणि ती प्रथम अंकुश खरमाटे यांनी मोजली होती. बेचाळीस तक्त्यांचंही लिहिलं. ते सगळे आता परत मोजावे लागणार. या कुळाच्या आधारानं आधीच जवळच्या वाटेनं गेलेली दोन औषधं आहेत, त्यांचं काय करायचं यावर समिती बसेल. माझी चौकशीही होईल. होऊ दे, अर्ज लिहायचा त्रास वाचला.

सबनीसांनी पान दोनदा वाचलं, नाक पुसलं, आणि शिक्का मारला. मी त्यांना विचारलं, ज्यांच्याकडे चार वर्षं नाहीतच त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर घेऊ देता येईल का. त्यांनी कलम काढून दाखवलं. ज्याची ठेवण वादात आहे ते कुणालाही देता येत नाही. मग कलम बाजूला ठेवून म्हणाले, त्यांच्या मेहुण्याचंही नाव यादीत होतं. नात्याचा तो अर्ज सचिवांनाही भरावा लागतो, त्यांनीही त्यात काही लिहिलं नसावं. मी विचारलं नाही.

शनिवारी मी सांगवीला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दार उज्ज्वलानंच उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. दवाखान्यातून फोन येऊन गेला होता.

“यादी रद्द झाली म्हणले,” ती म्हणाली. “मी यांना विचारलं, तर यांनी सगळं सांगितलं. तुम्ही विचारायला आलात आणि यांनी सांगितलं.”

मी चपला काढता काढता थांबले.

“मी गोळ्या आणायला खाली गेले नसते, तर मी यांना बोलू दिलं नसतं. गळ्यातली ती चकती काढून घेतली असती.” तिचा आवाज चढला नव्हता. “लोकांना मी सांगत होते, आमच्या मॅडम आहेत तिथं. आता काय सांगू?”

मी म्हटलं, माझं नाव घेऊन सांगा. चूक माझी आहे, तीस वर्षांपूर्वीची. ते थिगळ कदाचित घातक ठरलं असतं.

“कदाचित,” ती म्हणाली. “आणि हे मरणार ते कदाचित नाही.”

  आम्ही दोघी किती वेळ तिथे उभ्या होतो कोण जाणे. समोरच्या घरातलं कुणीतरी दार उघडून बघून गेलं.

“यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं,” ती मग म्हणाली. “घशातली लाळ यंत्रानं ओढायची असते. दीड वर्षं झालं, मी सलग झोपले नाही. ते शहाणे झाले, तुम्ही शहाण्या झालात, चांगलं झालं. पण वळवायला मीच आहे, आणि आता मधे औषध येणार नाही, म्हणजे शेवटपर्यंत मीच.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. पण गुरुवारी अकराला या. तीन तास. मला झोपायचंय.”

गुरुवारी मी अकराला पाच कमी असताना पोचले. तिनं मला सगळं दाखवलं. खांद्याखाली हात कसा घालायचा, गुडघा आधी कसा दुमडायचा, लाळेचं यंत्र कुठे लावायचं, कशानं तो गुदमरतो. मी वळवताना पहिल्या वेळी चुकले, तर तिनं माझा हात धरून नीट लावला, बोलली मात्र नाही. मग आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी अंकुशसमोर खुर्ची ओढली. पर्समधून आलेख काढला, मोठ्या कागदावर छापून आणलेला, आणि त्याला दिसेल असा धरला. त्याची नजर डावीकडून उजवीकडे सावकाश गेली, मग परत फिरली, मधे बारा ठिकाणी थांबत. मला राहवेना. मी सांगायला लागले, की बघ, सत्त्याऐंशी इथे आहे, तू म्हणालास तसंच, आणि ब्याण्णव तर चक्क वेगळं उभं आहे, आपल्याला तेव्हा ते केवढं...

“मॅडम,” तो म्हणाला. घशातला जोर कमी करून त्यानं चकतीचा आवाज इतका बारीक ठेवला होता की मला पुढे वाकावं लागलं. “हळू बोला. उज्ज्वला झोपलीय.”

मी आवाज खाली आणला, आणि पहिल्या शिखरापासून परत सांगायला लागले.